उबुंटूत काय बसवलंय, ते कशामुळे आलं आणि कसं काढायचं

मशीनवर डेबियन असो, उबुंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकचं बॉस, लिनक्सच्या या सगळ्या प्रकारांत पॅकेजांचा (म्हणजे प्रोग्रॅम, फॉन्ट वगैरेंच्या बसवायच्या गठ्ठ्यांचा) कारभार एकाच जोडीकडे असतो: खाली डीपीकेजी, वर ॲप्ट. डीपीकेजी हातात दिलेली .डेब फाइल उघडून बसवतं, काढतं आणि त्याची नोंद ठेवतं. ती फाइल कुठून आणायची आणि तिच्यासोबत आणखी काय काय लागेल, हे ॲप्ट ठरवतं. रोज हाताने काम करताना ॲप्ट वापरा. स्क्रिप्टमध्ये मात्र जुनं ॲप्ट-गेटच ठेवा, कारण ॲप्टचं आउटपुट पुढच्या आवृत्तीत तसंच राहील याची हमी ॲप्ट स्वतःच देत नाही.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं छोटी ठेवून टाइप करायच्या.

आधी नुसतं बघा

`डीपीकेजी --लिस्ट`

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर म्हणजे पॅकेजचं काय व्हावं असं ठरलंय, दुसरं म्हणजे आत्ता खरी स्थिती काय आहे. "आय-आय" असेल तर सगळं ठीक. "आर-सी" म्हणजे पॅकेज काढलंय, पण /ईटीसी मधल्या त्याच्या सेटिंगच्या फाइली अजून पडून आहेत. "एच-आय" म्हणजे पॅकेज होल्डवर आहे, म्हणजे आहे त्याच आवृत्तीवर रोखून धरलंय. दुसरं अक्षर मोठा "यू" किंवा मोठा "एफ" दिसला, तर इन्स्टॉलेशन मध्येच अडकलंय. त्याचा उपाय पुढे येतो.

ही यादी हजार-दोन हजार ओळींची सहज होते. त्यातलं मुद्दाम बसवलेलं काय आणि इतरांच्या गरजेपोटी आपोआप आलेलं काय, याची नोंद ॲप्ट वेगळी ठेवतं:

`ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल`

उबुंटूचा इन्स्टॉलर स्वतःची बरीच पॅकेजं यातच टाकतो, त्यामुळे अनोळखी नावं दिसली म्हणून दचकू नका. एखादं पॅकेज कशामुळे आलं हे विचारायचं असेल तर देवनागरी फॉन्टचं उदाहरण घ्या:

`ॲप्ट आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड फॉन्ट्स-लोहित-देवा`

उबुंटू डेस्कटॉपवर याच्या उत्तरात साधारणपणे फॉन्ट्स-देवा दिसतं. हे मेटापॅकेज आहे. त्याच्या पोटात स्वतःचा फॉन्ट नाही, फक्त लोहित, नकुल, सहदेव वगैरे पॅकेजांची नावं आहेत. हे लक्षात ठेवा, काढताना कामाला येईल.

पॅकेजने कुठल्या फाइली टाकल्या ते `डीपीकेजी --लिस्टफाइल्स` आणि पॅकेजचं नाव दिलं की कळतं. उलट, एखादी फाइल कुठल्या पॅकेजची हे `डीपीकेजी --सर्च` आणि फाइलचा पूर्ण पत्ता दिला की कळतं. लिस्ट आणि लिस्टफाइल्स यांची छोटी रूपं अनुक्रमे छोटा एल आणि मोठा एल अशी आहेत आणि त्यात हमखास घोळ होतो, म्हणून लांब रूपच बरं. सर्चमध्ये एक खोच आहे. उबुंटू 22.04 वर /यूएसआर/बिन/एलएस विचारलं तर "सापडलं नाही" असं उत्तर येतं, कारण नोंद /बिन/एलएस या जुन्या पत्त्यावर आहे. आधीचं /यूएसआर काढून पुन्हा विचारा.

आणि फायरफॉक्स? 22.04 पासून उबुंटूमध्ये तो स्नॅप म्हणून येतो; स्नॅप ही ॲप्टपासून वेगळी पॅकेजपद्धत आहे. ॲप्टच्या यादीत फायरफॉक्स नावाचं पॅकेज दिसतं, पण ते स्नॅपकडे बोट दाखवणारं रिकामं खोकं आहे. खरा ब्राउझर `स्नॅप लिस्ट` मध्ये शोधा. ॲप्टला स्नॅपमधलं काही कळत नाही.

अपडेट आणि अपग्रेड

`सुडो ॲप्ट अपडेट` (सुडो म्हणजे पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं) काहीही बसवत नाही, फक्त सर्व्हरवरची ताजी यादी उतरवतं. बसवण्याचं काम `सुडो ॲप्ट अपग्रेड` चं, आणि ते करताना अपग्रेड कुठलंही पॅकेज काढून टाकत नाही. `फुल-अपग्रेड` गरज पडली तर काढतंसुद्धा, म्हणून तिथे यादी वाचूनच पुढे जा. काही पॅकेजं मागे ठेवल्याचा संदेश आला तर तो बिघाड असेलच असं नाही. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं आणि तुमच्या मशीनची पाळी नंतर येते. त्यासाठी फुल-अपग्रेड चालवण्याचा आटापिटा करू नका.

काढताना

`ॲप्ट रिमूव्ह` प्रोग्रॅम काढतं आणि सिस्टिमची सेटिंग ठेवतं. पर्ज ती सेटिंगही काढतं. तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइलींना दोन्ही हात लावत नाहीत. त्या हाताने काढाव्या लागतात. ऑटोरिमूव्ह आपोआप आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजं झाडून काढतं.

आता फॉन्टकडे या. "इतके फॉन्ट कशाला" म्हणून फॉन्ट्स-देवा काढलं, तर लोहित, नकुल, सहदेव यांची नोंद "आपोआप आलेले" अशीच आहे. दुसऱ्या कुठल्या पॅकेजला ते लागत नसतील तर पुढच्या ऑटोरिमूव्हमध्ये सगळे जातील, तुम्हाला हवा असलेला लोहितसुद्धा. त्यामुळे आधी त्याला वाचवा:

`सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल फॉन्ट्स-लोहित-देवा`

मग प्रत्यक्ष काढण्याआधी रंगीत तालीम करा. यासाठी सुडो लागत नाही आणि काहीही बदलत नाही:

`ॲप्ट रिमूव्ह --सिम्युलेट फॉन्ट्स-देवा`

काय काय जाणार याची यादी समोर येते. एक पॅकेज काढायला गेलात आणि यादीत दहा दिसली, तर थांबा. पायथॉन-3 हे नेहमीचं बळी. "नवीन पायथॉन बसवलाय, जुना कशाला" म्हणून ते काढलं की त्यावर उभा असलेला अर्धा डेस्कटॉप सोबत जातो. 2021 मध्ये पॉप ओएसवर (उबुंटूवर आधारलेलं आणखी एक लिनक्स) स्टीम हे गेमचं ॲप बसवताना एका नामांकित यूट्यूबरचा डेस्कटॉपच उडाला. पॅकेजांच्या अवलंबित्वात (कुणाला कोण लागतं या नोंदीत) चूक होती हे खरं, पण ॲप्टने धोक्याची सूचना दिली होती आणि "यस, डू ॲज आय से!" हे अख्खं वाक्य टाइप करायला लावलं होतं. ते टाइप केलं गेलं. त्यानंतर ॲप्टने हे कुंपण आणखी कडक केलं.

नावात तारा चिन्ह वापरायचं असेल तर नाव अवतरणचिन्हांत ठेवा. नाहीतर चालू फोल्डरमधल्या जुळणाऱ्या फाइलींची नावंच शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) कमांडला देऊन मोकळं होतं.

अडलं तर

लॉक मिळत नाही असा संदेश सगळ्यात जास्त वेळा दिसतो. त्यातच लॉक धरलेल्या प्रोसेसचा नंबर आणि नाव असतं. बहुतेकदा "अनअटेंडेड-अपग्र" असं तुटलेलं नाव दिसेल. म्हणजे सुरक्षेचे अपडेट मागे आपोआप बसतायत. थांबा, काही मिनिटांत संपतं. /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड ही फाइल पुसून टाका असा सल्ला जागोजागी मिळतो. तो ऐकू नका. ती फाइल तिथे कायमच असते, लॉक म्हणजे एखाद्या प्रोसेसने तिच्यावर घेतलेला ताबा. फाइल पुसली तर दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहायला लागतात आणि नोंदवही बिघडते.

बसवताना वीज गेली किंवा टर्मिनल बंद झालं, तर या दोन कमांड याच क्रमाने:

`सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए`

`सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल`

पहिली अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करते, दुसरी तुटलेली अवलंबित्वं जुळवते. दुसरीनेही यादी दाखवून "वाय की एन" विचारलं तर ती वाचा; जुळवण्याचा तिचा मार्ग कधीकधी काढून टाकण्याचाच असतो.

उतरवलेली .डेब फाइल `डीपीकेजी --इन्स्टॉल` ने बसवली की लागणारी पॅकेजं आणली जात नाहीत आणि वरच्याच दुरुस्तीची वेळ येते. `सुडो ॲप्ट इन्स्टॉल` लिहून पुढे टिंब, तिरकी रेघ आणि फाइलचं नाव द्या. टिंब-रेघ विसरलात तर ॲप्ट ते नाव सर्व्हरच्या यादीत शोधत बसतं.

/बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर जुन्या कर्नलांनी (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) ते भरतं आणि "जागा नाही" म्हणत अपग्रेड अडकतं. चालू कर्नल `यूनेम -आर` ने बघून ठेवा आणि `सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज` चालवा. चालू आणि सर्वांत नवा कर्नल त्यातून वगळले जातात.

अपग्रेडमध्ये एखादी सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली सापडली, तर डीपीकेजी विचारतं: नवी घेऊ की तुमची ठेवू? नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते आणि नवी शेजारी .डीपीकेजी-डिस्ट शेपूट लावून ठेवली जाते. नवी घेतली तर तुमची .डीपीकेजी-ओल्ड नावाने उरते. सर्व्हरवर असाल तर आधी "डी" दाबून फरक बघा.

कालपर्यंत चालत होतं

/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग उघडा. कुठल्या वेळी कुठली कमांड चालली, काय बसलं, काय गेलं, आधीची आवृत्ती कुठली आणि नंतरची कुठली, सगळं तारखेनिशी मिळतं. बिघडलेलं पॅकेज कळलं की `ॲप्ट पॉलिसी` आणि पॅकेजचं नाव देऊन जुनी आवृत्ती उपलब्ध आहे का ते बघा. उबुंटूच्या सर्व्हरवर सहसा मूळ रिलीजमधली आणि सर्वांत ताजी एवढ्याच आवृत्त्या राहतात, मधल्या नाही. हवी ती दिसली तर इन्स्टॉल करताना पॅकेजच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह आणि आवृत्ती लिहा, मध्ये जागा न सोडता. लगेच `सुडो ॲप्ट-मार्क होल्ड` लावा, नाहीतर पुढचं अपग्रेड ते पुन्हा वर नेईल.

होल्डमुळे त्या पॅकेजचे सुरक्षेचे अपडेटही थांबतात. महिन्यातून एकदा `ॲप्ट-मार्क शोहोल्ड` बघा आणि काम झालं असेल तर अनहोल्ड करा.