हैतीच्या क्रांतीचे शेजारच्या बेटांवरील परिणाम : टिपण कसे लिहावे

मुंबईत पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना ‘हैतीच्या क्रांतीमुळे कॅरिबियन बेटांवरील गुलामगिरी नष्ट झाली’ हे वाक्य हमखास भेटते. ते न लिहिणे ही या विषयावरच्या टिपणाची पहिली पायरी होय. शेजारच्या क्युबात गुलामगिरी १८८६ पर्यंत टिकली, आणि क्रांतीनंतरची काही दशके तर ती तेथे पूर्वीपेक्षा अधिक फोफावली.

सुरुवात नकाशापासून करावी. मुंबईकराला बेटे म्हटली की भराव घालून एकमेकांना जोडलेली सात बेटे आठवतात. कॅरिबियन बेटे मात्र स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रज, डच आणि डॅनिश सत्तांत वाटली गेली होती. तरीही क्युबा आणि हैती यांच्यामधली सामुद्रधुनी जेमतेम ८० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे मुंबईहून गाडीने लोणावळ्याला जावे इतकीच. खलाशी, पळून आलेले मळेवाले आणि त्यांनी सोबत आणलेले गुलाम यांच्याबरोबर बातमीही पलीकडे पोहोचत होती.

मग तारखा सुट्या कराव्यात, कारण ‘क्रांती’ या एका शब्दात तेरा वर्षे कोंबली की कोणता परिणाम कशाचा हे कळेनासे होते. सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे पुढच्या हैतीत, ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांचा उठाव झाला; फेब्रुवारी १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली; १८०२ मध्ये नेपोलियनचे सैन्य तेथे उतरले; आणि १ जानेवारी १८०४ रोजी क्रांतीचा सेनानी देसालिन याने हैतीचे स्वातंत्र्य जाहीर केले. ग्रेनाडा आणि क्युरासाव या बेटांवरील १७९५ चे उठाव १७९४ च्या निर्णयाशेजारी ठेवून वाचावेत. ग्वादलूप या फ्रेंच बेटावर त्याच निर्णयाने मिळालेली मुक्ती १८०२ मध्ये हिरावून घेतली गेली, हेही नोंदवावे.

बाजाराकडे दुर्लक्ष करू नये. सां-दोमिंगचे मळे जळाल्यावर साखरेची आणि कॉफीची मोठी पोकळी निर्माण झाली. माद्रिदमध्ये हवानाच्या मळेवाल्यांची बाजू मांडणाऱ्या फ्रान्सिस्को आरांगोने उठावाची बातमी येताच हे संकट म्हणजे क्युबाची संधी आहे, असे राजदरबाराला पटवण्यास सुरुवात केली. एका बेटावर बेड्या तुटत असताना पलीकडच्या बेटावर नव्या बेड्यांची मागणी वाढली, आणि माझ्या मते टिपणाचा कणा हाच असावा.

गुलामांच्या आणि मुक्त कृष्णवर्णीयांच्या मनावर काय परिणाम झाला हे शोधणे अवघड आहे, कारण बहुतेक कागद मालकांचे किंवा न्यायालयांचे आहेत. येथे होसे आंतोनियो आपोन्तेचा खटला उपयोगी पडतो. हवानातील या मुक्त कृष्णवर्णीय सुताराने चित्रांची एक वही तयार केली होती; १८१२ मध्ये कटाच्या आरोपाखाली पकडल्यावर त्याला तिचा अर्थ पानापानाने विचारण्यात आला. त्याला फाशी देऊन त्याचे शिर पिंजऱ्यात टांगण्यात आले. वही हरवली आहे, मात्र त्या चौकशीची नोंद उरली आहे. ती वाचताना प्रश्न कोणाचे, उत्तर कोणाचे आणि लिहून घेणारा कोण, हे तीन रकाने वेगळे ठेवावेत.

हैतीच्या प्रत्यक्ष कृतींना मात्र थोडी जागा पुरे. हैतीचा अध्यक्ष पेतियाँ याने १८१६ मध्ये दक्षिण अमेरिकेतील स्वातंत्र्यलढ्याचा नेता बोलिव्हार याला शस्त्रे दिली ती गुलामांच्या मुक्तीच्या अटीवर. १८२२ मध्ये हैतीने आपल्याच बेटाचा पूर्व भाग (आजचे डोमिनिकन प्रजासत्ताक) ताब्यात घेऊन तेथील गुलामगिरी संपवली. मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी हैतीने फ्रान्सला द्यावयाची भरपाई १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँक ठरली आणि १८३८ मध्ये ती ९ कोटींवर आली, हा खुद्द हैतीवरचा परिणाम असल्याने तो स्वतंत्र परिच्छेदात घ्यावा.

‘मुळे’ हा प्रत्यय जपून वापरावा. ब्रिटनच्या १८०७ (गुलामांचा व्यापार बंद) आणि १८३३ (गुलामगिरी रद्द) च्या कायद्यांमागे संसदेतील चळवळ होती, बार्बाडोस आणि जमैका येथील पुढचे उठाव होते आणि हैतीची आठवणही होती. त्यांतले एकच कारण निवडू नये. १८३८ मध्ये कलकत्त्याहून ब्रिटिश गयानाला गेलेल्या करारबद्ध मजुरांपर्यंत लिहीत जाण्याचा मोह भारतीय विद्यार्थ्याला होतोच, पण तो धागा मुख्यतः १८३३ च्या कायद्याचा असल्याने त्यासाठी दुसरे टिपण राखून ठेवावे.