डेबियनवर ओपनएलडॅप सर्व्हर बसवणे आणि काढणे

कार्यालयातील किंवा प्रयोगशाळेतील सर्व संगणकांची वापरकर्ता-खाती एकाच जागी ठेवायची असतील, तर डिरेक्टरी सर्व्हर, म्हणजे अशा नोंदी साठवून इतर संगणकांना पुरवणारा सर्व्हर, लागतो. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर त्यासाठी ओपनएलडॅप उपलब्ध असून (एलडॅप ही अशा डिरेक्टरीशी बोलण्याची ठरलेली पद्धत आहे) त्याच्या सर्व्हर पॅकेजचे नाव ‘स्लॅपडी’ आहे. ते बसवणे सोपे आहे. खरी काळजी काढताना घ्यावी लागते.

प्रथम ‘होस्टनेम -एफ’ ही आज्ञा देऊन संगणकाचे पूर्ण नाव डोमेनसह दिसते का, हे पाहावे. डिरेक्टरीचे मूळ नाव, म्हणजे ज्याखाली सर्व नोंदी येतात ते नाव, याच डोमेनवरून ठरते आणि डोमेन न सापडल्यास ते ‘डीसी=नोडोमेन’ असे पडते. मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल स्लॅपडी एलडॅप-युटिल्स’ या आज्ञा क्रमाने द्याव्यात. बसवताना व्यवस्थापकाचा पासवर्ड विचारला जातो. मूळ नाव चुकले असेल, तर डिरेक्टरीत नोंदी भरण्यापूर्वीच ‘सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर स्लॅपडी’ चालवून डोमेन, संस्थेचे नाव आणि पासवर्ड पुन्हा द्यावेत. याच प्रश्नांत, पॅकेज पर्ज केल्यावर (म्हणजे सेटिंग्जसह काढून टाकल्यावर) नोंदींचा डेटाबेसही पुसायचा का, असे विचारले जाते. तेथे ‘नाही’ हेच उत्तर ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्व्हर ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकू लागतो. ‘एलडॅपसर्च’ने मूळ नावाखाली शोध घेतल्यावर किमान मूळ नोंद दिसली, म्हणजे काम झाले. सेटिंग्ज ‘/एटीसी/एलडॅप/स्लॅपडी.डी’ येथे असतात. त्या फाइली हाताने कधीही बदलू नयेत. बदल ‘एलडॅपमॉडिफाय’नेच करावेत.

आता काढण्याविषयी. इतर संगणकांचे लॉगिन या सर्व्हरवर अवलंबून असेल, तर आधी त्या प्रत्येक संगणकावरील एलडॅपची जोडणी काढावी, नाहीतर बंद पडलेल्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत तेथील लॉगिन अडकून पडते. त्यानंतर ‘सुडो स्लॅपकॅट -एन ०’ने सेटिंग्जची आणि ‘-एन १’ने नोंदींची प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. त्या प्रतीत पासवर्डचे हॅश (पासवर्डपासून बनवलेली सांकेतिक रूपे) असल्यामुळे ती इतरांना वाचता येऊ नये. प्रत उघडून आपल्या ओळखीच्या दोन-चार नोंदी तीत आहेत ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

‘ॲप्ट रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो, पण सेटिंग्ज आणि नोंदी राहतात. ‘ॲप्ट पर्ज’ने सेटिंग्जही जातात; ‘/व्हार/लिब/एलडॅप’ येथील नोंदी मात्र डेटाबेस पुसण्याच्या वरील प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर शिल्लक राहतात. एलडॅपचे ग्रंथालय-पॅकेज, म्हणजे ‘लिबएलडॅप’, सर्व्हरबरोबर काढू नये, कारण इतर अनेक प्रोग्राम त्यावर चालतात.

पुन्हा बसवून जुन्या नोंदी परत आणायच्या असतील, तर मूळ नाव पूर्वीचेच द्यावे, सर्व्हर थांबवावा, नव्याने तयार झालेल्या डेटाबेसच्या फाइली बाजूला हलवाव्यात आणि ‘स्लॅपॲड’ने प्रत भरावी. ही आज्ञा रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून दिली असल्यास तयार झालेल्या फाइलींची मालकी रूटकडे राहते आणि सर्व्हर सुरू होत नाही, म्हणून ‘चाऊन -आर’ने ती ‘ओपनएलडॅप’ या वापरकर्त्याकडे सोपवून मगच सर्व्हर सुरू करावा.