कमी बजेटमध्ये रायडिंग गिअर घेताय? या चुका टाळा

पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात धुकं आणि निसरडं. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की कोरेगाव, कराडकडं मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. शिरवळच्या कंपन्यांत रोज ये-जा करणाऱ्यांना तर बारा महिने हायवे. तरीही सातारा भागात अजून बऱ्याच जणांना वाटतं की रायडिंग गिअर (हेल्मेट, हातमोजे, बूट, जॅकेट वगैरे) म्हणजे लडाखला जाणाऱ्यांची चैन. हातात आठ-दहा हजार आहेत, पण ते कुठं घालावेत कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय.

माझा निकष एकच आहे: पडताना जे अंगावर जागच्या जागी राहतं, तेच गिअर. किंमत, कंपनी, रंग हे सगळं त्यानंतर. पैसे वाया जातात ते हाच निकष विसरल्यामुळं.

"जरा मोठंच घ्या, आरामात बसतंय"

डोक्यात सहज गेलं की हेल्मेट बरोबर, अशी समजूत आहे. मावसभावासाठी हेल्मेट बघायला गेलो होतो. त्यानं एल साइज घातलं, आरशात बघितलं, खूश झाला. दुकानदारही म्हणाला, "बसतंय की दादा मस्त!" मी त्याला पट्टा लावायला लावला, मागं उभा राहिलो आणि हेल्मेटची मागची कड धरून वर आणि पुढं ओढली. हेल्मेट कपाळावरून घसरत थेट डोळ्यांवर आलं. मग एम दिलं. गाल दाबले गेले, तोंडाचा चंबू झाला. "लईच घट्ट होतंय," म्हणाला. पण मागून कितीही ओढलं तरी ते हललं नाही. त्याचं माप तेच होतं.

दुकानात जायच्या आधी घरीच शिवणकामाच्या टेपनं डोकं मोजा: भुवयांच्या साधारण बोटभर वरून, मागं डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून. बऱ्याच देशी हेल्मेटांवर माप मिलिमीटरमध्ये असतं. ५८० म्हणजे ५८ सेंटिमीटर. हेल्मेट घालून मान डावी-उजवी हलवली की गालाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. आणि दहा-पंधरा मिनिटं ते डोक्यावर राहू द्या, दुकानदार कितीही घाईत असला तरी. गालांवरचा दाब वापरानं कमी होतो, कारण तिथं मऊ फोम असतो. कपाळावर एकाच जागी टोचत असेल, काढल्यावर तिथं लाल वण दिसत असेल, तर तो दाब कधीच जात नाही. साइज बरोबर असेल, पण त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याचा नाही. दुसरं मॉडेल बघा. आतलं थर्माकोल अंगठ्यानं दाबून जागा करून द्यायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. तो थर आघात स्वतःवर घेऊन चिरडण्यासाठीच असतो, आणि एकदा दबला की परत फुगत नाही.

म्हणूनच जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बदलायचं. म्हणूनच जुन्या बाजारातलं हेल्मेट कधीच घ्यायचं नाही. ते आधी कुठं आपटलंय ते दिसत नाही.

शोरूममधून गाडीबरोबर मिळालेल्या हेल्मेटलाही मापाचा नियम तोच. आयएसआय असेल तर उत्तम, पण ते तुमच्या मापाचं आहे का ते बघा. बहुतेकदा समोर असेल ते हातात देतात आणि आपणही गाडीच्या आनंदात बघत नाही. बसत नसेल तर बदलून मागा.

हायवेच्या कडेला टांगलेली हेल्मेटं

१ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं देशात बेकायदा आहे. तरी रस्त्याच्या कडेला दोन-तीनशे रुपयांत ती मिळतात, आणि त्यांच्यावरही आयएसआयचं स्टिकर असतंच. स्टिकर छापायला काय लागतं? खऱ्या शिक्क्याच्या वर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक. मोबाइलवर बीआयएस केअर (हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेचं) ॲप घ्या, तो क्रमांक टाका, परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. नाव भलत्याच कंपनीचं निघालं तर हेल्मेट खाली ठेवा.

हजार-दीड हजारात चांगल्या देशी कंपनीचं, हनुवटी झाकणारं बंद हेल्मेट मिळतं. अर्ध्या टोपीसारखं हेल्मेट घेऊन वाचतात ते दोन-चारशे रुपये, आणि जबडा उघडा राहतो. थोडे जास्त पैसे असतील तर आयएसआयबरोबर ईसीई २२.०६ हे युरोपातलं मानक असलेलं बघा. त्या मानकात तिरक्या आघाताचीही चाचणी होते.

काळी काच घेऊ नका. दिवसा डोळ्यांना बरी वाटते, पण साताऱ्याहून पुण्याकडं जाताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरल्याबरोबर समोरचं काही दिसत नाही. काच वर करावी तर धूर डोळ्यांत. रात्री ट्रॉलीच्या मागं तर ती काच जिवावर बेतते. उन्हाचा त्रास होत असेल तर पारदर्शक काच ठेवा आणि वेगळा गॉगल वापरा.

जॅकेट आधी, हातमोजे नंतर?

पैसे जमले की पोरं पहिलं जॅकेट घेतात, कारण ते फोटोत दिसतं. मी क्रम वेगळा लावीन: हेल्मेट, हातमोजे, बूट, मग जॅकेट, मग गुडघ्याचे गार्ड. तोल गेला की माणूस आपोआप हात पुढं टाकतो. तळहात सोलला की महिनाभर घास तोंडात घालता येत नाही, कामावर खाडा होतो तो वेगळाच.

हातमोज्यांत तळव्याला चामडं हवं, आणि मनगटाला पट्टा. पट्टा लावून बोटांची टोकं धरून ओढा. मोजा निघून आला तर रस्त्यावरही निघणार. बोटांवर कडक प्लास्टिक आहे म्हणून भुलू नका, तळवा उलटा करून शिवण बघा. मूठ आवळली की ब्रेकचा लिव्हर नीट जाणवला पाहिजे. फार जाड मोजाही कामाचा नाही.

बुटांसाठी रायडिंग बूट परवडत नसतील तर घोटा झाकणारे चामड्याचे सेफ्टी शूज घ्या. एमआयडीसीत कामाला असाल तर ते कदाचित तुमच्याकडं आधीपासूनच असतील. लेस मात्र आत खोचा, गिअरच्या लिव्हरमध्ये अडकते. सँडल, क्रॉक्स, चप्पल घालून घाटात जाऊ नये, एवढंच म्हणतो.

जॅकेटमधला "गार्ड" काढून बघा

जॅकेट घेताना चेन उघडून कोपराचा आणि खांद्याचा गार्ड बाहेर काढा. विकणारा तयार नसेल तर तिथंच समजून घ्या. गार्डवर सीई हा युरोपातला शिक्का, गाडीवर बसलेल्या माणसाचं चित्र, ईएन १६२१-१ आणि १ किंवा २ हा आकडा असतो. हा आकडा महत्त्वाचा. चाचणीत ठरावीक आघात दिल्यावर लेव्हल १ चा गार्ड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आतपर्यंत जाऊ देतो, लेव्हल २ चा २० पर्यंतच. पाठीचं मानक वेगळं, ईएन १६२१-२. तिथं हेच आकडे १८ आणि ९ आहेत. स्वस्त जॅकेटात कोपराला चांगले गार्ड देतात आणि पाठीला मात्र स्पंजचा तुकडा कोंबतात. तो जागा भरायला असतो. काढून टाका आणि जमेल तेव्हा पाठीचा खरा गार्ड वेगळा विकत घ्या.

मग जॅकेट घालून गाडीवर बसा, हँडल धरा. आरशासमोर हात सोडून उभं राहिल्यावर सगळीच जॅकेटं बरोबर वाटतात. हँडल धरल्यावर गार्ड कोपराच्या टोकावर बसला का, की फिरून बाहेरच्या बाजूला गेला? दंडाचा आणि मनगटाचा पट्टा आवळूनही फिरत असेल तर एक साइज कमी करा. थंडीत आत स्वेटर घालायचा म्हणून मोठं घेणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं. पहाटेच्या शिफ्टला थंडी वाजते हे खरं, पण त्यावर उपाय म्हणजे अंगाला चिकटणारा थर्मल, ढगळ जॅकेट नव्हे.

जुनं जॅकेट घ्यायला माझी हरकत नाही. शिवणी, चेन आणि गार्ड बघून घ्या, धुऊन वापरा.

घेतलंय, पण त्रास होतोय

काचेवर वाफ धरते ही कासच्या पावसातली सगळ्यात मोठी तक्रार. काच एक खाच उघडी ठेवा, नाकावरची पट्टी असेल तर ती काढून टाकू नका. भांड्याच्या साबणाचा पातळ हात आतून फिरवून वाळवला आणि मऊ कापडानं पुसला की काही काळ निभावतं. पिनलॉक (काचेच्या आत बसवायची, वाफ धरू न देणारी फिल्म) बसणारी काच असेल तर ती घ्या, पैसे सार्थकी लागतात. चिखल उडाला तर कोरड्या फडक्यानं घासू नका. ओलं फडकं काचेवर दोन मिनिटं ठेवा, मग पुसा. पेट्रोल किंवा थिनर काचेला आणि कवचाला दोन्हीला मारक. हेल्मेटवर नाव रंगवून घेणाऱ्यांनीही रंगातल्या थिनरचा विचार करावा.

वर्षभरानं हेल्मेट सैल झालं तर लगेच फेकू नका. काही मॉडेलना गालाचे पॅड वेगळे मिळतात, ते बदलले की पुन्हा घट्ट बसतं.

गुडघ्याचे प्लास्टिकचे पट्टेवाले गार्ड जीन्सवरून घसरून पोटरीवर येतात आणि मग उपयोग शून्य. ते जीन्सवरून न बांधता पँटच्या आतून, पातळ लेगिंगवर बांधा. वरचा पट्टा मांडीच्या अरुंद भागात, गुडघ्याच्या लगेच वर आवळा. तरी घसरत असतील तर कापडी बाहीत बसवलेले गार्ड घ्या.

आणि मागं बसणाऱ्याचं हेल्मेट. घरात दोन हेल्मेटं असतात, त्यातलं जुनं, सैल, बक्कल तुटकं मागं बसणाऱ्या बायकोला किंवा आईला जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागच्यालाही. टेप घेतलाच आहे तर घरातल्या सगळ्यांची डोकी मोजा, आणि दुकानात त्यांना बरोबर घेऊन जा.