माळव्याचं बी वळवाच्या आधी वाळवा

कोल्हापूर भागात माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याचं, घरचं बी बिघडतं ते बहुतेक ओलीमुळं. एप्रिल-मेमध्ये वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, आणि जूनपासून चार महिने हवाच दमट. गगनबावडा, राधानगरीकडं तर बरणीचं झाकण सैल राहिलं तरी बी सादळतं. म्हणून फाल्गुनातलं कोरडं ऊन आहे तोवरच हे काम उरका.

संकरित वाणाचं बी धरू नका, पुढची पिढी एकसारखी येत नाही. गावरान किंवा सुधारित सरळ वाणाची पाच-सहा निरोगी झाडं निवडून त्यांना लाल दोरा बांधा. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याची चांगली फळं राखा. आपल्याकडं चांगलं फळ बाजारात जातं आणि बियाण्याला उरतं शेवटचं बारकं. नेमकं उलटं व्हायला हवं.

टोमॅटो वेलीवरच लाल, मऊ होऊ द्या. गर बियांसकट काचेच्या भांड्यात काढा, पाणी घालू नका, सावलीत एक-दोन दिवस आंबवा. दिवसातून दोनदा काडीनं ढवळा. बी बोटात चोळल्यावर बुळबुळीत वेष्टन सुटलं की थांबा. उन्हाळ्यात जास्त ठेवलं तर भांड्यातच मोड येतात. आता पाणी ओतून ढवळा. भरीव बी तळाला बसतं, पोकळ बी आणि साल वर येते. वरचं ओतून द्या, तीन-चार पाण्यांनी धुवा.

वांगं पिवळं पडल्याशिवाय तोडू नका. भाजीच्या वांग्यातलं बी कच्चं असतं. भेंडीची शेंग तपकिरी होऊन शिरांवर बारीक भेग दिसली की काढा. वळवात भिजली तर आत बुरशी धरते.

वेलवर्गात परागीकरण मधमाश्या-किड्यांकडून होतं, त्यामुळं शेजारच्या वाणाची भेसळ सहज होते. दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी-कारल्याची सकाळी. उमलायच्या आधीच मादी कळी (मागं बारकं फळ असतं ती) आणि नर कळी कागदी पिशवीत बांधा. उमलल्यावर नर फुलाच्या पाकळ्या काढून ते मादीच्या मध्यभागी हलकेच टेकवा, पिशवी पुन्हा दोन दिवस बांधा, देठाला खुणेचा दोरा लावा. काकडी-दुधीच्या वेलाचं एखादं कोवळं फळ आधी जिभेला लावून बघा. कडू लागलं तर थुंका. त्या वेलाचं फळ खायचं नाही, बीही धरायचं नाही.

धुतलेलं बी पहिला दिवस सावलीत, सुती कापडावर पसरा. कागदाला ते चिकटतं. पुढं तीन-चार दिवस सकाळी 11 वाजेपर्यंतचं ऊन द्या. पत्र्यावर मात्र नको, तापल्या पत्र्यानं अंकुर मरतो. दुधी-काकडीचं बी वाकवल्यावर कडकन मोडलं तरच ते वाळलं समजा.

घेवडा-पावट्याला भुंग्याची लागण शेतातच होते. नीट वाळवून किलोला 5 मिली गोडेतेल चोळा.

काचेच्या बरणीत पाव भाग तव्यावर भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवा. तांदूळ पूर्ण गार झालेले हवेत, नाहीतर बरणीला आतून घाम येतो. वर बियांच्या कागदी पुड्या, त्यांवर वाण आणि तारीख. पावसाळ्यात बरणी सारखी उघडू नका.

मिरगाला तरू (लावणीची रोपं) टाकायचा असेल तर मेच्या मध्याला 50 बिया ओल्या फडक्यात गुंडाळा. वांगी-मिरचीला 14 दिवस थांबा, टोमॅटोला आठ. 35 च्या वर उगवल्या तर नेहमीसारखं बी टाका, 25 च्या आसपास आल्या तर दीडपट.