मागचं चाक घरी खोलताना आणि बसवताना

माजावर आलेली गाय कुणासाठी थांबत नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. वेळ चुकली की पुढचा माज २१ दिवसांनी, आणि तेवढे दिवस शेतकऱ्याने भाकड जनावराला चारा घालायचा. मी सांगोला तालुक्यात कृत्रिम रेतनाचं काम करतो. आमच्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ आहे आणि पंक्चरचं जवळचं दुकान ९ किलोमीटरवर. पंधरा वर्षांपूर्वी दोनदा असा उशीर झाला. तेव्हापासून मोटारसायकलचं मागचं चाक मी स्वतःच खोलतो.

गाडी २००९ ची स्प्लेंडर प्लस. तारांची चाकं, ट्यूबचा टायर, मागे ड्रम ब्रेक. पुढचं सगळं या रचनेच्या गाडीला लागू आहे. डिस्क ब्रेकवाल्यांनी हे वाचून हात घालू नये, त्याची पद्धत वेगळी.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण निम्मी भीती तिथेच जाते. चाक काढायला चेन सोडावी लागत नाही. चेनच्या बाजूला चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या दोन लोखंडी भुजांना) टेकलेला एक मोठा नट असतो, त्याला स्लीव्ह नट म्हणतात. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, त्या नटाने चिमट्याला धरलेलं असतं. त्याला हात लावू नका. एक्सलचा, म्हणजे चाकातून आरपार गेलेल्या दांडीचा, लहान नट काढून एक्सल ओढला की चाक हबमधल्या (चाकाच्या मधल्या भागातल्या) रबरांवरून सुटून बाजूला येतं, आणि स्प्रॉकेट, चेन, चेनकव्हर जागच्या जागी राहतं. नवशिके घाईत मोठ्या नटाला पाना लावतात आणि मग चेन, स्प्रॉकेट, चाक असं तिन्ही एकदम सांभाळत बसतात.

हत्यारं फार लागत नाहीत. १० ते २४ पर्यंतचे रिंग पाने, पक्कड, एक स्क्रू ड्रायव्हर, लाकडाचा ठोकळा, हातोडी, थोडं ग्रीस, नवी कॉटर पिन (बोल्टच्या भोकात घालून टोकं वाकवायची पिन) आणि एक रिकामं पोतं. एक्सलच्या नटाला चपटा पाना लावू नका, नटाचे कोपरे झिजतात आणि पुढच्या वेळी छिन्नी लावायची वेळ येते. पोतं शेजारी पसरायचं आणि निघेल तो भाग निघाल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचा. बसवताना उजवीकडून उलटं यायचं. मोबाइलवर फोटोही काढा, पण माझा भरवसा पोत्यावर जास्त, कारण त्यावर उरलेला वायसर डोळ्यांसमोर पडून राहतो.

मी सगळ्यात आधी सीटवरचा नायट्रोजनचा जार (यात रेतनाच्या वीर्याच्या कांड्या गार राहतात) उतरवून सावलीत उभा करतो. तुमच्याकडे दुधाची कॅन असेल, पेटी असेल, तेही उतरवा. मागे वजन ठेवून चाक काढलं तर गाडी कलते.

एक्सलच्या नटाचा पहिला जोर गाडी साइड स्टँडवर, चाक जमिनीवर असतानाच काढून घ्या. डबल स्टँडवर उभ्या गाडीला पान्याने हिसका दिला की ती स्टँडवरून पुढे उतरते. नट जरा सैल झाला की मग डबल स्टँड. जमीन काळी असेल तर स्टँडखाली फरशी किंवा जाड फळी घाला, नाहीतर अर्ध्या कामात स्टँड रुततो. गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली काढलेली.

आता ब्रेकची सळई. तिच्या टोकाचा नट फिरवून काढा, ब्रेक पेडल हाताने दाबून सळई मोकळी करा. आतली स्प्रिंग आणि गोल पिन निघाल्याबरोबर परत सळईवरच चढवा आणि नट दोन फेरे लावून ठेवा. ती पिन मातीत पडली तर सापडत नाही. मग ब्रेक प्लेटला, म्हणजे ड्रमच्या झाकणाला, चिमट्याशी बांधणारी लोखंडी पट्टी. तिच्या बोल्टला कॉटर पिन असते, ती सरळ करून ओढून काढा आणि टाकून द्या. एकदा वाकवलेली पिन पुन्हा वापरायची नाही.

एक्सलचा नट काढून तो परत टोकावर सपाट बसेल एवढाच लावा, त्यावर लाकडाचा ठोकळा धरा आणि हातोडीने हलके ठोका. एक्सल हलला की नट काढा आणि डोक्याच्या बाजूने फिरवत ओढा. दुसऱ्या हाताने चाक खालून उचलून धरा, म्हणजे एक्सल अडकत नाही. ब्रेकच्या बाजूची कॉलर (एक्सलवरची नळीसारखी कडी) याच वेळी खाली पडते. ती कुठल्या तोंडाने होती ते पाहून पोत्यावर ठेवा. मग चाक ब्रेकच्या बाजूला ओढून रबरांतून सोडवा, ब्रेक प्लेट हाताने काढा आणि चाक मागून बाहेर घ्या. मडगार्डला अडतंय असं वाटलं तर कुणाला तरी हँडल धरून गाडी जराशी तिरकी करायला सांगा. आमच्याकडे हे काम बायको करते. टायरमध्ये हवा नसेल तर ते आणखी सोपं जातं.

ट्यूब काढून जोडली म्हणजे पंक्चर संपलं असं नसतं. वेड्या बाभळीचा काटा टायरमधून आत जातो, ट्यूबला टोचतो आणि बाहेरच्या बाजूने मोडतो. बाहेरून काही दिसत नाही. एकदा सकाळी पंक्चर काढलं आणि दुपारी त्याच जागी पुन्हा हवा गेली. टायर उलटा करून उन्हात धरला तेव्हा आतल्या काळ्या रबरातून ज्वारीच्या दाण्याच्या टोकाएवढं तपकिरी काहीतरी वर आलेलं दिसलं. पक्कडीने ओढलं तर सव्वा इंच काटा निघाला. म्हणून टायरच्या आतून सुती फडकं पूर्ण गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. उघड्या बोटाने शोधू नका.

चाक हातात आहे तोवर चार गोष्टी पाहून घ्या. ड्रममधली धूळ फुंकू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. लायनर, म्हणजे ड्रमला घासणारं ब्रेकचं अस्तर, किती उरलंय ते बघा. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा, खरखर लागली तर आजच बदला. हबमधली रबरं चेपली असतील तर गियर टाकताना मागून खट् असा धक्का येतो, तीही स्वस्तात बदलतात. तारांवर पान्याने टिचकी मारत जा. जिचा आवाज बसका, ती ढिली.

बसवताना एक्सल पुसून त्याला ग्रीसचा पातळ हात द्या. ड्रमला किंवा लायनरला ग्रीस लागता कामा नये, आणि रबरांनाही नको, ती फुगतात. रबरं जात नसतील तर साबणाचं पाणी लावा. ब्रेक प्लेट ड्रममध्ये बसवून चाक आत घ्या, थोडं मागे-पुढे फिरवत स्प्रॉकेटकडे दाबा. खाचा जुळल्या की चाक आपोआप आत सरकतं, ते हाताला कळतं. कॉलर तिच्या जागी धरा, एक्सल आरपार घाला, नट हातानेच लावा.

आणि आता ती पट्टी, एक्सल आवळण्याच्या आधी. २०१४ च्या पावसाळ्यात मी तिचा बोल्ट नुसता हाताने बसवला, नंतर आवळू म्हणून. कॉटर पिन घातली नाही. सहा किलोमीटरवर ओढ्याच्या उताराला ब्रेक दाबला. बोल्ट केव्हाच पडला होता. पट्टी सुटली की ब्रेक प्लेटला धरायला काहीच राहत नाही, ती ड्रमबरोबर फिरते, सळई तिच्याबरोबर ओढली जाते आणि चाक जाम होतं. गाडी आडवी झाली, जार ओतला गेला, आतल्या कांड्या सगळ्या गेल्या. गुडघ्यावरचा व्रण अजून आहे. तेव्हापासून पट्टीचा बोल्ट, नट आणि नवी पिन, तिची दोन्ही टोकं वाकवून, एवढं झाल्याशिवाय मी दुसऱ्या कशालाही पाना लावत नाही.

मग सळई जोडा. ब्रेक पेडल दाबून धरा आणि तसंच धरून एक्सलचा नट आवळा. लायनर ड्रमला टेकलेलं असताना आवळलं की प्लेट मधोमध बसते आणि ब्रेक एका बाजूने घासत नाही. पेडलची मोकळी चाल २० ते ३० मिलिमीटर ठेवा. सळईवरच्या नटाची खोलगट बाजू गोल पिनेवर नीट बसलीय ना ते पाहा, अर्धवट टेकली असेल तर पहिल्याच ब्रेकला चाल वाढते. मागचा लाल दिवा पेडलबरोबर लागतोय का, तेही बघा.

स्लीव्ह नटाला हात लावला नसेल तर चेन पहिल्यासारखीच असते. तरी चेनकव्हरवरचं रबरी बूच काढून बोटाने पाहा. खाली-वर मिळून २० ते ३० मिलिमीटर खेळ हवा. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, आणि जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथलं माप धरा. जुळवायची असेल तर एक्सलबरोबर स्लीव्ह नटही सैल करावा लागतो, आणि दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेघेवर आणाव्या लागतात.

हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. एकटे असताना आणि मागे कुणी असताना आकडा वेगळा असतो. मग आधी गल्लीतच सावकाश एक फेरी, दोन-तीनदा ब्रेक. मी पहिल्या गावाला पोचलो की गोठ्यात शिरण्याआधी मागच्या हबला हात लावून बघतो. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर ब्रेक घासतोय, तिथेच सळईचा नट अर्धा फेरा सैल करायचा. संध्याकाळी घरी आल्यावर एक्सलला आणि पट्टीला पुन्हा एकदा पाना लावायचा.