शाळेच्या बजेटसाठी मुलांचं मतदान घेताय? मग या चुका टाळा

शाळेच्या पैशातला एक हिस्सा कशावर खर्च करायचा ते मुलांनीच ठरवायचं. आयडिया त्यांच्या, प्रचार त्यांचा, मतं पण त्यांचीच. याला सहभागी बजेट म्हणतात. सुरुवात १९८९ ला ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात झाली, पण तिथे ते अख्ख्या शहरासाठी होतं. पोर्तुगालने २०१७ मध्ये ते सरकारी शाळांत आणलं, विद्यार्थ्यामागे साधारण १ युरो असा हिशोब आणि मतदान २४ मार्चला, म्हणजे त्यांच्या विद्यार्थी दिनाला. ऐकायला एकदम सोपं वाटतं. पण घोडं पेंड खातं ते मतदानाच्या दिवशी नाही, त्याच्या दोन-तीन आठवडे आधी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे न तपासलेली आयडिया मतपत्रिकेवर जाऊ देणं. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा 'लायब्ररीत एसी' दणक्यात जिंकला, मुलं नाचली वगैरे, आणि पुढच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन आला, बोर्ड उघडून बघितला आणि म्हणाला या वायरिंगवर एसी चालणार नाही, आधी सगळी लाइन बदला. तो खर्च कोणी धरलाच नव्हता. सातवीतल्या एका मुलीने सरळ विचारलं, मग मत कशाला घेतलंत? काय उत्तर देणार! तेव्हापासून प्रचाराच्या आधीच किंमत काढतो, आणि नुसती वस्तूची नाही तर बसवायचा खर्च, टॅक्स, नंतरची देखभाल, जागा, परवानगी सगळं धरून. शाळेत बिलांवर सही करणारा जो कोणी असेल त्याला या तपासणीला बसवाच. आणि ज्या मुलांची आयडिया आहे त्यांनाही शेजारी बसवा, कारण नुसतं 'होणार नाही' कळवलं की मुलं पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. समोर असली की तीच म्हणतात, बरं एसी नको, चार पंखे चालतील.

दुसरी चूक दिसत नाही पण निकाल फिरवते. समजा ६०० मुलांच्या शाळेत तळमजल्यावर पाण्याचा कूलर, वरच्या मजल्यावर फिल्टर आणि बाटल्या भरायचा नळ अशा तीन वेगळ्या आयडिया आल्या आणि प्रत्येकाला एकच मत आहे. कूलरला ९०, फिल्टरला ८०, नळाला ७०, आणि खेळाच्या सामानाला ११०, बाकीची मतं इकडेतिकडे. जिंकलं सामान! पण पाणी तर २४० जणांना हवं होतं ना. एक तर सारख्या आयडिया आधीच एकत्र करा (मुलांना पटवायला वेळ लागतो, कारण प्रत्येकाला स्वतःचीच आयडिया ग्रेट वाटते), नाहीतर 'आवडलेल्या तीनपर्यंत टिक करा' असं ठेवा. मला दुसरं जास्त आवडतं, भांडणं कमी होतात. आयडियांचा ढीगच पडत असेल तर पोर्तुगालसारखं करा, तिथे एका प्रस्तावामागे जास्तीत जास्त ५ मुलं आणि किमान ५ टक्के विद्यार्थ्यांचा पाठिंबा लागतो. हौशेपोटी टाकलेल्या आयडिया तिथेच गळतात. आणि हो, यादीत पहिलं नाव असलं की फुकटची मतं मिळतात, म्हणून मतपत्रिका दोन-तीन वेगवेगळ्या क्रमांनी छापा.

प्रचाराचं म्हणाल तर तो आयडियाचा हवा, मुलाचा नको. आपल्याकडे प्रचार म्हटलं की मुलं लगेच स्वतःचा फोटो टाकून पोस्टर बनवतात, मग सगळ्यात जास्त मित्र असलेला पोरगा जिंकतो आणि कोपऱ्यात बसणाऱ्या मुलीची चांगली आयडिया मागे पडते. साधे नियम पुरतात. पोस्टरवर फोटो नाही, साइज सगळ्यांची एकच, कागद-रंग शाळेने द्यायचे, खाऊ वाटायचा नाही, आणि प्रत्येक गटाला प्रत्येक वर्गात दोन मिनिटं. पोस्टरवर किंमत मात्र मोठ्या अक्षरात लिहायलाच लावा. शिक्षकांनाही सांगून ठेवा की 'मला तर अमुकच आवडलं' असं वर्गात बोलू नका, लहान मुलं सरांच्या तोंडाकडे बघून टिक करतात.

मतदानात दोन शॉर्टकट हमखास मारले जातात. एक, वर्गात हात वर करायला सांगणं, म्हणजे बाजूच्याचा हात बघून आपला हात. दुसरा, ऑनलाइन फॉर्मची लिंक ग्रुपवर टाकून देणं, ज्यात एकच जण पाच वेळा मत देतो आणि आईबाबा पण देतात 😅 बाकावर पुठ्ठा उभा करा, हजेरीच्या यादीवर खूण करा, पेटीत चिठ्ठी, झालं. लहान वर्गांसाठी मतपत्रिकेवर चित्रं. गैरहजर असतील त्यांच्यासाठी पेटी दुसऱ्या दिवशीही उघडी ठेवा. मोजणी मुलांसमोर.

अजून एक, एकच मोठा प्रोजेक्ट सगळं बजेट खातो आणि ज्यांनी त्याला मत दिलं नाही त्यांच्या हाती काहीच येत नाही. स्वित्झर्लंडच्या आराऊ शहराने २०२३ मध्ये यासाठी वेगळी पद्धत वापरली होती. त्यात प्रत्येक मतदाराच्या वाट्याला सारखे पैसे धरतात आणि प्रस्ताव तेव्हाच पास होतो जेव्हा त्याला मत देणाऱ्यांच्या वाट्यातून खर्च निघतो. आयडिया भारी आहे पण शाळेत हाताने मोजायला डोक्याला ताप, त्यापेक्षा कुठलाही प्रस्ताव बजेटच्या निम्म्यावर नको एवढा नियम आधीच लावा.

निकाल लागला की बोर्डवर फक्त विजेता नको, सगळ्यांची मतं लिहा, हरलेल्यांची पण. आणि खरेदी त्याच वर्षात उरकायला बघा, नाहीतर ज्यांनी धावपळ केली ती शेवटच्या वर्गातली मुलं शाळा सोडून जातात आणि पंखे लागतात त्यांच्यानंतर. आम्ही आता खरेदीच्या बिलाची झेरॉक्स पण निकालाशेजारीच लावतो, मुलं थांबून बेरीज करून बघतात, एकदा चूक पण सापडली होती त्यांना.