जिनिंगमधला ड्राइव्ह ट्रिप होतो तेव्हा

दिवाळी झाली की राळेगाव, हिंगणघाटकडच्या जिनिंगमधून (कापसातून सरकी वेगळी करायच्या मिलमधून) फोन सुरू होतात. "भाऊ, ड्राइव्ह जळाला, लवकर या." ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र; बिघाड झाला की तो ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो आणि स्क्रीनवर फॉल्ट दाखवतो. मी विचारतो, स्क्रीनवर काय आलं होतं? तोवर कोणीतरी रिसेट मारून मोकळा झालेला असतो. रिसेट मारू नका, आधी मोबाइलवर फोटो काढा. मोटर शॉर्ट असताना रिसेट मारमारून चालवलं, तर ड्राइव्हमधला धडधाकट आयजीबीटीही (मोटरला करंट देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) फुटतो.

मग मेन बंद करून कुलूप लावा आणि दहा मिनिटं थांबा. स्क्रीन विझली म्हणून करंट संपला असं नसतं. 415 व्होल्टच्या सप्लायवर आतल्या कपॅसिटरांत 580 च्या आसपास डीसी भरलेला असतो. डीसी प्लस-मायनसवर मीटर लावा, शून्याजवळ आल्यावरच हात घाला. शेठ कितीही घाई करो.

ओव्हरकरंट (जादा करंट) किंवा अर्थ फॉल्ट (करंट जमिनीत गळणं) असेल तर यू-व्ही-डब्ल्यू, म्हणजे ड्राइव्हच्या आउटपुट टर्मिनलवरच्या मोटरच्या वायरी काढा, टोकांना टेप मारा आणि ड्राइव्ह मोकळा चालवा. तोच फॉल्ट आला तर दोष ड्राइव्हमध्ये. नाही आला तर बहुतेक मोटर नाहीतर केबल. (काही ड्राइव्ह मोकळे चालवले की आउटपुट फेज नाही म्हणून ओरडतात, तो फॉल्ट निराळा.) परत मेन बंद करून काढलेल्या वायरींवर 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मारा. ड्राइव्हच्या टर्मिनलवर मेगर कधीच नाही, ड्राइव्ह तिथंच संपेल. एक मेगओहमच्या खाली आलं तर केबल मोटरच्या पेटीतूनही सोडा, दोन्ही वेगवेगळी तपासा. आमच्याकडे सरकीच्या मागं उंदीर येतात आणि नालीतली केबल कुरतडतात, म्हणून मी आधी नालीवरची फरशी उचलायला लावतो.

ड्राइव्हवरच संशय असेल तर सप्लाय बंद, वायरी सुट्या आणि मीटर डायोडवर. आर-एस-टी (सप्लाय येतो ती टर्मिनलं) आणि यू-व्ही-डब्ल्यू, प्रत्येक टर्मिनल डीसी प्लस आणि मायनसशी तपासा. एका दिशेनं साधारण 0.3 ते 0.6 यायला हवं, तिन्ही फेजला सारखंच. कुठं शून्य दिसलं तर तो भाग शॉर्ट.

ड्राइव्हवर चालणारा मिलचा पंखा बंद करताना ओव्हरव्होल्टेज येत असेल तर ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये मोटर थांबायचा वेळ वाढवा. अंडरव्होल्टेज आलं तर पूर्ण लोडवर तिन्ही फेज मोजा, रिकाम्या मिलमध्ये मोजून काही कळत नाही.

आता गरम होण्याचं. पॅनलचं दार उघडं टाकून समोर टेबलफॅन लावायची पद्धत मला अजिबात पटत नाही. त्यानं रुई थेट हीटसिंकमध्ये (ड्राइव्हची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) जाते आणि त्या पट्ट्यांमध्ये गादीसारखी बसते. दार लावा, जाळीचा फिल्टर रोज झटका, आतला पंखा फिरतो का बघा. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, ती मारू नका.

दसऱ्याला मशीनची पूजा करता, त्याआधी पॅनल उघडून पालीची अंडी, उंदराच्या लेंड्या काढा, टर्मिनलचे स्क्रू आवळा, मगच सप्लाय द्या. आणि झेंडूचा हार जाळीवर नको, दाराच्या कडीला बांधा.